बोटीवरची भाषा: रविवारी अर्धा तास या

सर्व सभासदांना नमस्कार.

क्रूझला जाणाऱ्या सगळ्यांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे. येताना पासपोर्ट किंवा आधारची झेरॉक्स आणा. बोटीवर सगळ्या घोषणा इंग्रजीत होतात, म्हणून काही शब्द आत्ताच सांगून ठेवते.

• बोटीच्या पुढच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू पोर्ट (रात्री लाल दिवा), उजवी स्टारबोर्ड (हिरवा). तुम्ही मागे वळलात तरी पोर्ट तिथेच राहतं.

• फॉरवर्ड म्हणजे नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे), आफ्ट म्हणजे मागे. मागच्या खेपेला जेवणाचा हॉल आफ्टला होता आणि आमची निम्मी तुकडी फॉरवर्डच्या लिफ्टने वर जाऊन थेट जिममध्ये पोहोचली!

• गँगवे म्हणजे बोटीत चढायचा पूल. गॅली म्हणजे स्वयंपाकघर, तिथे चहा मागायला जाऊ नये.

• नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

• मस्टर स्टेशन (आणीबाणीत जमायची जागा) हा शब्द मात्र पाठच करा. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. लिफ्ट नाही, जिन्याने थेट तिथे जायचं. मस्टर ड्रिल, म्हणजे तिथे जमायची तालीम, सगळ्यांना सक्तीची आहे. "गुडघे दुखतात" चालणार नाही. चालायला त्रास असेल त्यांनी मला रविवारीच सांगा, म्हणजे बोटीवर आधी कळवता येईल.

मुंबईच्या बॅलार्ड पियर धक्क्याला कधी पोहोचायचं ते रविवारी ठरवू.

– सहल समिती