सेन्सर बिघडलाय, बोर्ड नाही : इंडक्शन शेगडीबाबत तक्रार

दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डाव्या बर्नरचा तापमान सेन्सर वॉरंटीत बदलून मिळण्याबाबत

महोदय,

१२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, आम्ही सीताबर्डीतल्या दुकानातून आपल्या कंपनीची दोन बर्नरची इंडक्शन शेगडी घेतली. अकरा महिने काही तक्रार नव्हती. यंदा घटस्थापनेच्या सुमारास डावा बर्नर चार-पाच मिनिटं चालून बंद पडू लागला. पडद्यावर ‘ई ३’. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा मुकाट सुरू. कुकरची शिट्टी अगदी तोंडाशी आली की हा हमखास दगा देणार. ‘‘काय वो, ही तर दर घडीला रुसून राहिली,’’ असं सासूबाईंचं म्हणणं.

‘ई ३’ म्हणजे त्या बर्नरच्या सेन्सरमध्ये बिघाड, हे तुमच्याच पुस्तिकेत छापलेलं आहे. २६ सप्टेंबरला तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी आलेल्या तंत्रज्ञाने सील तोडून शेगडी उघडली, आत फुंकर मारली, ‘भांडं चुकीचं आहे’ असा शेरा लिहिला आणि निघाला. त्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटतो आणि उजव्या बर्नरवर त्यातच रोज भात शिजतो, हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘मग नागपूरच्या गरमीनं होत असंल, मॅडम.’’ मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो, हे कबूल. पण त्या मे महिन्यात ही शेगडी बिनतक्रार चालली होती. आणि एकाच ओट्यावरच्या दोन बर्नरपैकी गरमी डाव्यालाच बाधते, हे कसं?

लगेच दुसरी तक्रार केली. उत्तर मिळालं, दसऱ्याला दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद असतात, नंतर माणूस पाठवू. आम्ही लक्ष्मीनगरला राहतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी दरवर्षी पाहतो, त्यामुळे ते मान्य केलं. पण रस्ते मोकळे झाले तरी तुमचा माणूस उगवला तो १४ ऑक्टोबरला. वॉरंटी ११ ला संपली होती. त्याने मीटर बाहेरही न काढता सांगितलं : बोर्ड (शेगडी चालवणारं आतलं सर्किट) गेला, ६,४०० रुपये लागतील, सेन्सर सुटा मिळत नाही.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत असे. आयटीआय झालेल्या शेजारच्या मुलाला बोलावलं. मेन स्विच बंद करून पंधरा मिनिटं थांबलो, मग काच उचलली. कॉइलच्या मधोमध, काचेला खालून टेकलेला, मुगाच्या दाण्याएवढा थर्मिस्टर. हाच तो सेन्सर : तापला की त्याचा रोध उतरतो, आणि त्यावरून बोर्डाला काचेची उष्णता कळते. दोन्ही बर्नरच्या सेन्सरचे प्लग काढून रोध मोजला. खोलीत साधारण ३० अंश होते; दोन्ही ८० किलोओहमच्या आसपास. म्हणजे थंडपणी दोघंही निर्दोष! इथेच थांबले असते तर मीही बोर्डालाच दोष दिला असता.

मग केस वाळवायचा ड्रायर आणला. उजव्याचा आकडा ६०, ५०, ४०, ३० असा सरळ उतरत गेला. डाव्याचा ४५ पर्यंत नीट आला आणि तिथून एकदम गायब. मीटरवर सर्किट तुटल्याची खूण. फुंकर घालून गार केला तर परत जागेवर. तीनदा केलं, तीनदा तेच. वायर दाण्याला जिथे जोडलेली आहे तिथला सांधा तापला की सुटतो, असा माझा अंदाज. शेवटी दोन्ही सेन्सरची जागाच बदलली, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. त्या संध्याकाळी डाव्या बर्नरवर अर्धा तास आमटी उकळली आणि ‘ई ३’ उजव्यावर आला. बोर्ड खराब असता तर बिघाड डावीकडेच राहिला असता. तो सेन्सरबरोबर पलीकडे गेला. सगळ्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

‘ग्राहकाने सील तोडलं’ हे कारण कृपया देऊ नये. सील तुमच्या माणसाने तोडलं. २७ सप्टेंबरच्या जॉबशीटवर तसं लिहून सही आहे. पहिली तक्रार वॉरंटीतली आहे. तेव्हा सेन्सर विनामूल्य बदलून द्यावा आणि १४ ऑक्टोबरच्या भेटीचे घेतलेले ४५० रुपये परत करावेत. इतका लहान भाग सुटा न ठेवता अख्खा बोर्ड गळ्यात मारणं ही कंपनीची पद्धत असेल, तर तसं लेखी कळवा. त्याचा मला पुढे उपयोग आहे.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वॉरंटी कार्डावर ‘न्यायक्षेत्र मुंबई’ छापलं आहे, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथे तक्रार करता येते. मला मुंबई गाठायची गरज नाही.

सध्या उजवा बर्नर बंद आहे. माणूस पाठवाल तेव्हा सेन्सर त्याच्या हातात देऊनच पाठवा. नुसतं पाहायला आता कुणी यायला नको.

आपली,
एक ग्राहक
लक्ष्मीनगर, नागपूर

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही जॉबशीटच्या प्रती, व्हिडिओ