दावा आठवतो, ‘खोटा’ हा शिक्का नाही

उतारवयातील विस्मरणावरचा आपण छापलेला लेख वाचला. ‘वय झाले की नवी, वेगळी माहिती टिकतच नाही’ हे त्यातले विधान मात्र पटले नाही. सारख्या गोष्टींच्या रांगेतली वेगळी गोष्ट अधिक लक्षात राहते, हे मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवले. काही प्रयोगांत ज्येष्ठांमध्ये हा परिणाम कमी आढळला, हे खरे. पण अधिक झीज होते ती दुव्यांची. गोष्ट आठवते, ती कोणी सांगितली, खरी होती की खोटी, हे निसटते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्येष्ठांना आरोग्यविषयक काही दावे खोटे असल्याचे वारंवार सांगितले गेले. तीन दिवसांनी नेमके तेच दावे, एकदाच खोटे ठरवलेल्या दाव्यांपेक्षा, त्यांना अधिक वेळा खरे वाटले! ओळख उरली, इशारा पुसला गेला. म्हणूनच लेखासोबतच्या चौकटीत चमत्कारिक गैरसमज ठळक अक्षरांत आणि खुलासे बारीक अक्षरांत पाहून वाईट वाटले. वयस्कर वाचक आपल्याकडे मोठ्या विश्वासाने पाहतात. यापुढे योग्य माहितीच आधी आणि ठळक छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक ज्येष्ठ वाचक