पाळक मोठे, शास्त्र त्यांच्याहून मोठे

महोदय,

गोव्यात वास्को, मडगाव, म्हापसा अशा ठिकाणी मराठी भाषिक ख्रिस्ती कुटुंबांच्या ज्या घरगुती प्रार्थनासभा भरतात, त्यांतील काहींत रुळत चाललेल्या एका प्रकाराविषयी हे पत्र आहे. पाळकांच्या संदेशाबद्दल, म्हणजे प्रवचनाबद्दल, किंवा दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानाच्या, हिशेबाबद्दल कोणी शंका काढली, की ‘माझ्या अभिषिक्तास हात लावू नका’ हे बायबलमधील वचन पुढे केले जाते, अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेले ते पाळकच असे ठरवले जाते आणि विषय तिथेच मिटतो. विचारणाऱ्यावर बंडखोरीचा शिक्का बसतो, तो वेगळाच.

हे वचन ज्या १०५ व्या स्तोत्रातील आहे, ते एकदा सबंध वाचावे. अब्राहाम, इसहाक आणि याकोब ही मूठभर उपरी माणसे परमुलखात भटकत असताना त्यांना उपद्रव देऊ नका, अशी तंबी तिथे देव राजांना देत आहे. दुबळ्यांच्या रक्षणाचे वचन अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्याने स्वतःची ढाल म्हणून वापरावे, हे मला तरी पटत नाही. जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल गुहेत हाती सापडला असतानाही दाविदाने त्याच्यावर हात टाकला नाही, हा दाखलाही हमखास दिला जातो. परंतु शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या त्याच २४ व्या अध्यायात दाविदाने गुहेबाहेर येऊन, शौलाच्या माणसांदेखत, त्याला जाब विचारला, हे मात्र गाळले जाते. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाला, तेव्हा उरीया या आपल्या सैनिकाची बायको बळकावल्याच्या प्रकरणात नाथान संदेष्ट्याने त्याचीही गय केली नाही. अंत्युखिया शहरात येशूचा प्रमुख शिष्य असलेल्या खुद्द पेत्राला प्रेषित पौलाने सर्वांसमोर अडवले, आणि त्या पौलाची शिकवण बिरुया गावचे लोक दररोज शास्त्राशी ताडून पाहत, म्हणून ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील पुस्तकात त्यांची थोरवीच गायिली आहे.

हा केवळ प्रॉटेस्टंटांचा आग्रह आहे, असेही कोणी समजू नये. गोव्यातील बहुसंख्य ख्रिस्ती ज्या कॅथॉलिक परंपरेतले आहेत, तिच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ साली, चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाहून वरचा नसून तो वचनाचा सेवक आहे, असे स्पष्ट नमूद केले आहे. याच भूमीत राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले, ते बायबलमधील कथा इथल्या माणसाला स्वतःच्या भाषेत कळाव्यात म्हणूनच. आज तर अवघे मराठी बायबल प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

पाळकांचा मान राखावा, हे बायबलमधील, पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलेच आहे. सर्व गोष्टींची पारख करा, हेही त्याच अध्यायात आहे. तेव्हा पाळकांनी संदेशासाठी घेतलेल्या वचनाचा मागचा-पुढचा भाग सभेत मोठ्याने वाचून घ्यावा आणि शेवटी प्रश्नांना थोडा वेळ द्यावा. दानाच्या पैशाचा जमाखर्चही मंडळीपुढे ठेवावा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना कोणी दोष देऊ नये, म्हणून पौलानेही सोबत मंडळ्यांनी नेमलेला माणूस घेतला होता.

– एक मराठी ख्रिस्ती वाचक, वास्को