खांब हुकूमशहाचा, चित्रं त्या बहिणींची

संपादक साहेब, स.न.वि.वि.

दरवर्षी 25 नोव्हेंबरला आपल्या पेपरात महिलांवरच्या हिंसाचाराविरोधी दिनाच्या बातम्या येतात, रॅली, शपथ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण सगळं असतं, पण हीच तारीख का ते काही छापून येत नाही. म्हटलं आपणच लिहावं.

डॉमिनिकन रिपब्लिकमधे 1930 पासून त्रुहियोची हुकूमशाही होती. गडी स्वतःवर एवढा खूश की राजधानीलाच स्वतःचं नाव दिलं आणि त्याचं कौतुक म्हणून 1937 ला समुद्रकिनारी 137 फुटी खांब पण ठोकला. त्याच्याविरुद्ध लपूनछपून चळवळ चालवणाऱ्यांत पात्रिया, मिनर्वा, मारिया तेरेसा या मिराबाल बहिणी होत्या, मिनर्वा कायदा शिकली पण तिला वकिलीची परवानगी दिलीच नाही. 25 नोव्हेंबर 1960 ला मिनर्वा आणि मारिया तेरेसाच्या तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून तिघी परत येत होत्या तेव्हा त्रुहियोच्या माणसांनी जीप अडवली, मारून टाकलं आणि अपघात वाटावा म्हणून मृतदेह जीपमधे घालून जीप दरीत ढकलली. पण लोक काय दूधखुळे आहेत का? सहाएक महिन्यांत त्रुहियोलाच गोळ्या घातल्या.

आता खरी गंमत. लोकांनी तो खांब पाडला नाही, 8 मार्च 1997 ला त्याच्यावरच या बहिणींची चित्रं आली, एल्सा नुन्येस या चित्रकर्तीने काढलेली, आणि नंतर दुसऱ्या चित्रकारांनीही तो नव्याने रंगवलाय. मला हे पुतळ्यापेक्षा कितीतरी भारी वाटतं, पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला की आपण मोकळे, इथे ज्याने मारलं त्याच्याच मिरवायच्या खांबावर या बायका उभ्या आहेत आणि रंग उडाला की कुणालातरी शिडी लावून परत चढावंच लागतं. तरी चित्रात त्या जरा देवीसारख्या वाटतात. या बहिणींच्या साल्सेदो भागातल्या म्युझियममधे मारिया तेरेसाची कापून ठेवलेली वेणी आहे, ती बघितली की कळतं पोरगी जेमतेम 25 ची होती.

तर येत्या 25 नोव्हेंबरला रॅलीच्या फोटोशेजारी त्या खांबाचा एक फोटो छापा की. आणि नावं देताना तिघींबरोबर मारला गेलेला जीपचा ड्रायव्हर रुफिनो दे ला क्रुस, त्याचं पण द्या, तो बिचारा नेहमीच राहून जातो.

– एक नियमित वाचक, सातारा