रविवारची बैठक : अस्ताद देबू

सभासदहो,

येत्या रविवारी सायंकाळी साडेपाचला दांडिया बाजारातल्या नेहमीच्या हॉलवर बैठक आहे. आधुनिक नर्तक आणि नृत्यरचनाकार अस्ताद देबू यांचं आयुष्य आणि काम, त्यांच्याच मुलाखतींतून. निवडक भाग पडद्यावर पाहू, मग चर्चा.

देबू तसे आपल्या बडोद्याच्या शेजारचे. जन्म १९४७, नवसारी. लहानपणी जमशेदपूरला कथक, लंडनला अमेरिकन नर्तिका मार्था ग्रॅहम यांची आधुनिक नृत्यपद्धती आणि जग हिंडून आल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन कथकली! कर्णबधिर कलाकारांबरोबरचं त्यांचं काम मात्र चुकवू नका. ठेका कानावर न पडताही सगळ्यांची पावलं एकदम कशी पडतात, ते नीट बघा. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले.

- वेळेवर या. दिवे घालवल्यावर दार उघडलं की पडद्यावरचं काही दिसत नाही.
- मोबाइल बंद, चपला जिन्याखाली.
- पाहुणे आणणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. खुर्च्या मोजक्याच आहेत.
- ‘याला नाच म्हणायचं का?’ हे जरूर विचारा, पण चर्चेत, मध्येच नको.

चहा मंडळाचा. चिवडा मागच्या बैठकीला दांडी मारणाऱ्यांकडून.

– चिटणीस