मॅनली बीचवरच्या अनोळखी माणसांचे आभार

रविवारी सकाळी सिडनीच्या मॅनली बीचवर आम्ही सहकुटुंब सर्फिंगला गेलो होतो. शार्क दिसल्याचा भोंगा वाजला, लाल-पांढरा झेंडा लागला आणि लोक भराभर पाण्याबाहेर येऊ लागले. आमची लेक मात्र अजून लाटांच्या पलीकडे, बोर्डवर पालथी पडून होती. किनाऱ्यावरून मारलेल्या हाका तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हत्या.

काळ्या वेटसूटमधले दादा, तुम्ही बाहेर यायला निघालाच होतात; तिला पाहून परत वळलात. तिच्या बोर्डचं मागचं टोक धरून, "पाय वर घे, समोर बघ," असं सांगत तिला थेट वाळूपर्यंत आणलंत. आम्ही तिला पोटाशी धरेपर्यंत तुम्ही गर्दीत दिसेनासे झालात. तुमचे उपकार कसे फेडायचे?

लाल-पिवळ्या टोप्यांमधले जीवरक्षकहो, तुमच्यातले कितीतरी जण सुट्टीच्या दिवशी एक पैसा न घेता पहारा देतात. खरंच धन्य आहात! ड्रोन उडवणाऱ्या ताई, शार्क खोल पाण्याकडे वळल्याचं तुम्ही लेकीला स्क्रीनवर दाखवलंत, तेव्हा कुठे तिची थरथर थांबली.

आणि स्वतःचा कोरडा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकणाऱ्या आजी, तुमचे खूप खूप आभार. टॉवेल धुऊन जीवरक्षकांच्या क्लबात ठेवलाय, निळ्या पिशवीत.