महामारीतील रोजनिशा रद्दीत देऊ नयेत

महोदय,

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, त्याच रात्री माझ्या वडिलांनी दुकानाच्या जुन्या खतावणीतील कोऱ्या पानांवर रोजनिशी लिहायला घेतली. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील शिनोळी गावात दिलेली माझी बहीण एरवी तासाभराच्याही अंतरावर नाही. परंतु राज्याची हद्द बंद झाल्यावर तिची खुशाली केवळ फोनवर कळे आणि वडील ती न चुकता टिपून ठेवत. ‘आज फोन लागला नाही,’ एवढेच एका पानावर आहे आणि सॅनिटायझरच्या ओल्या बोटाने त्यातील शाई फरकटलेली आहे.

रुग्णांचे आकडे सरकारी दप्तरी राहतील. मात्र सीमेमुळे दुभंगलेल्या घरांनी ते दिवस कसे काढले, हे अशाच वह्यांत सापडेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावात प्लेग आला, तेव्हाची आमच्या घरातील एकही ओळ आज उरलेली नाही, याची खंत वाटते. १८४८ साली स्थापन झालेल्या येथील सार्वजनिक वाचनालयाने, घरच्यांची संमती घेऊन, अशा रोजनिशांच्या प्रती जतन कराव्यात, ही कळकळीची विनंती. आमची वही मी स्वतः आणून देईन.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव